'केवळ' या शब्दाने केलेली कोंडी

आपल्या समाजातली एखादी बाई अन्यायाची तक्रार घेऊन घराबाहेर पडली, की तिला एकच प्रश्न चार ठिकाणी विचारला जातो. हे तुझ्या जातीवरून झालं, की तू बाई आहेस म्हणून झालं? पोलीस ठाण्यातला अंमलदार विचारतो, कारण त्याला कलम लावायचे असते. महिला मंडळाच्या ताई विचारतात, कारण त्यांना वाटते की प्रश्न जातीचा असेल तर तो दलित संघटनांनी बघावा. संघटनेचे कार्यकर्ते विचारतात, कारण बायकांची भानगड असेल तर त्यात समाजाचे नाव उगाच कशाला गोवायचे, अशी त्यांची भीती असते. युनियनचा सेक्रेटरी विचारतसुद्धा नाही. तो परस्पर सांगून टाकतो की कामगार तेवढा एक, इथे जातपात आणू नका.

बाईला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तिला मिळालेली शिवी एकाच तोंडातून, एकाच दमात आलेली असते. त्यात जात कुठे संपली आणि बाईपण कुठे सुरू झाले हे तिने कसे वेगळे करून दाखवावे? तांदळातले खडे निवडता येतात. पाण्यात विरघळलेले मीठ कोणी निवडून दाखवले आहे?

पण कायद्याने, कचेरीने आणि चळवळीनेही तिच्याकडून नेमके हेच मागितले आहे. उत्तर देता आले नाही म्हणून कित्येक बायांच्या तक्रारी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिल्या आणि कुठल्याच टेबलावर बसल्या नाहीत. आम्ही आज वाचक बंधू-भगिनींपुढे हाच विषय ठेवत आहोत, कारण तो न्यायालयापुरता नाही. आपल्या घरात, कामाच्या ठिकाणी आणि आपल्या सभेतही तो आहे.

खैरलांजीत काय सिद्ध झाले नाही?

२९ सप्टेंबर २००६ हा दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना जमावाने ठार केले. बारावीत शिकणाऱ्या मुलीचा मृतदेह कालव्यात विवस्त्र सापडला. सारा महाराष्ट्र पेटला, मोर्चे निघाले, लाठ्या-गोळ्या झाल्या.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पेढे वाटावेत असे काहींना वाटले. पण निकाल वाचणाऱ्यांच्या लक्षात आले की त्यात ॲट्रॉसिटीचा कायदा लागलेला नाही आणि विनयभंगाचे कलमही टिकलेले नाही. न्यायालयाचे म्हणणे असे की हा सूड होता. आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात आई आणि मुलीने आरोपींना ओळखले होते, त्याचा हा सूड. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा कमी करून २५ वर्षांच्या कैदेत बदलल्या. ॲट्रॉसिटी तिथेही लागली नाही.

फाशी हवी होती की नको, हा आमचा आजचा मुद्दा नाही. मुद्दा कारणाचा आहे. कागदावर चार माणसे मेली ती सूडाने. जातीने नाही आणि बाईच्या देहावर हक्क सांगणाऱ्या वृत्तीनेही नाही. आम्ही विचारतो, त्या गावात इतर कोणी साक्ष दिली असती तर त्याचे सारे घर असे संपवले गेले असते काय? आणि पुरुषांनी साक्ष दिली असती तर सूड याच पद्धतीने घेतला गेला असता काय? सूड खरा होता. पण तो इतका निर्भय झाला तो जातीमुळे, आणि त्याला जी वाट सापडली ती बाईच्या देहातून. तीन कारणे एकाच दोरीत वळलेली होती. न्यायालयाने त्यातला एक पदर हातात धरला आणि बाकीचे दोन दिसत नाहीत असे लिहिले.

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी यांची गोष्ट याच जातीची आहे. त्या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथीन' म्हणून काम करीत. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या कुंभार समाजाच्या, आरोपी गावातल्या वरच्या जातींचे. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले, आणि वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाही, असा तर्क त्या निकालात होता. पाहा, शिवाशीव आमच्याविरुद्ध वापरायची तेव्हा ती पुरावा म्हणूनही चालते! त्यांच्या प्रकरणातून १९९७ ची सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही त्याच वाटेने आला. देशातल्या लाखो नोकरदार स्त्रियांना त्याचा आधार झाला, हे मोठेच काम. पण ज्या बाईमुळे हा कायदा आला तिला जातीमुळे काय सोसावे लागले, त्याचा शब्द त्यात नाही.

एका शब्दाचे वजन

आता त्या 'केवळ'कडे येऊ. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये सांगितले आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान किंवा यांपैकी कोणत्याही कारणावरून राज्य नागरिकांमध्ये भेदभाव करणार नाही. बाबासाहेबांच्या मसुदा समितीच्या हातून आलेले हे कलम आपला श्वास आहे. पण पुढे अनेक न्यायालयांनी त्यातल्या 'केवळ' या शब्दाला असे घट्ट धरले की भेदभावाचे कारण एकट्याने उभे असेल तरच तो भेदभाव. शेजारी दुसरे काही कारण दाखवता आले की सुटका.

१९८१ चा एअर इंडियाचा खटला घ्या. हवाई सुंदरींना पुरुष कर्मचाऱ्यांपेक्षा लवकर निवृत्त करीत, लग्नावर अटी घालीत आणि पहिल्या गरोदरपणात कामावरून काढीत. गरोदरपणाची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, पण बाकीच्या काही अटी राहू दिल्या. हा भेद केवळ लिंगावरून नाही, त्याला इतर बाबींची जोड आहे, असे तिथे म्हटले गेले. सुशिक्षित, इंग्रजी बोलणाऱ्या बायांची ही गत. हातात झाडू असलेल्या बाईने काय करावे?

ही चूक फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स या मोटारीच्या कंपनीविरुद्ध सेंट लुईस इथल्या पाच काळ्या स्त्रियांनी दावा लावला होता. त्या कंपनीने १९६४ पूर्वी काळ्या स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. पुढे मंदी आली आणि कंपनीने 'शेवटी आला तो आधी गेला' या नियमाने कपात केली. १९७० नंतर लागलेल्या साऱ्या काळ्या स्त्रिया त्यात गेल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितले, कंपनीने स्त्रिया ठेवल्या आहेत, तेव्हा हा स्त्रियांविरुद्ध भेदभाव नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वर्णाबद्दल तक्रार असेल तर काळ्या कामगारांचा वेगळा दावा चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही मिळून एक दावा करता येणार नाही.

या निकालावर किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या कायदेपंडित बाईंनी १९८९ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांनी चौकाचा दाखला दिला. चार रस्ते मिळतात तिथे उभ्या असलेल्या बाईला या रस्त्याची गाडी लागते, त्या रस्त्याची लागते, कधी दोन्ही एकदम लागतात. मग मदतीला आलेले लोक आधी विचारतात, नेमक्या कुठल्या गाडीने धडक दिली? ते ठरेपर्यंत तिला उचलायचे नाही. विद्वानांनी या विचाराला मोठे कठीण नाव दिले आहे. आम्ही त्याला दुहेरी-तिहेरी मार म्हणतो. मुंबईत दादरचा, नागपुरात सीताबर्डीचा चौक ओलांडणाऱ्या आपल्या वाचकांना हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ही साधी बेरीज नाही. बाईपणाचा त्रास अधिक जातीचा त्रास, म्हणजे दुप्पट त्रास, इतके ते सरळ नसते. दोन्ही एकत्र आले की तिसराच प्रकार तयार होतो. वरच्या जातीच्या बाईला शतकानुशतके उंबऱ्याच्या आत कोंडले. आपल्या आजीला कोणी कोंडले नाही. तिला पहाटेपासून दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या अंगणात, रस्त्यावर राबावे लागले, आणि ती बाहेर दिसते म्हणूनच ती कोणाचीही आहे असे गावाने ठरवले. एकीला घराने छळले आणि दुसरीला घराबाहेरच्यांनी. आपली बाई संध्याकाळी घरी आली की पहिलीच्या वाट्याचेही थोडे तिच्या ताटात वाढलेले असे.

हे आपल्याकडे आधीच सांगितले होते

क्रेनशॉबाईंचा मान राखून आम्ही म्हणतो की हा विचार आपल्याला परक्या देशातून आणावा लागला नाही. १८५५ मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात अस्पृश्यांवरच्या जुलमाचे वर्णन आहेच. पण आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिनेच लिहिले. ते दुःख जातीचे, गरिबीचे आणि बाईचे, तिन्ही आहे. चौदा वर्षांच्या मुलीने ते वेगळे करत बसण्याचा खटाटोप केला नाही.

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याने, आणि ते साधायचे तर बाईवर पहारा हवा, हा त्यांचा सिद्धांत. सती, सक्तीचे वैधव्य, मुलींची बालवयात लग्ने या चालींचा उगम त्यांनी या पहाऱ्यात दाखवला. म्हणजे जात एका खोलीत आणि बाईची गुलामी शेजारच्या खोलीत असे हे घर नाही. एकाच भिंतीच्या या दोन बाजू आहेत. आजही मुलीने परजातीत लग्न केले म्हणून तिला किंवा तिच्या नवऱ्याला बापभावांनी मारल्याची बातमी येते, तेव्हा तो गुन्हा जातीचा की बाईवरचा, हे कोणी सांगावे?

कोयता म्हणजे कोण?

बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतले वाचक हे आमच्याहून चांगले जाणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती 'कोयत्या'वर मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांचा मिळून एक आकडा. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाई ऊस तोडते, पाचट साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, त्याआधी पहाटे उठून भाकरी थापते. पण हिशेबाच्या वहीत ती अर्ध्या कोयत्याहून जास्त काही नसते. एकट्या बाईला उचल मिळणे कठीण, म्हणून पोरीचे लग्न लवकर उरकायचे, म्हणजे आणखी एक कोयता झाला.

टोळीत सगळ्या जातींचे गरीब असतात, पण वंजारी, भटके-विमुक्त आणि आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने. गावाकडे जमीन नाही किंवा आहे ती कोरडी. कोपीला दार नाही, संडास नाही, न्हाणी नाही. पाळी आली तरी मोळी उचलायची. सुट्टी घेतली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जाणार. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून बाई खाजगी दवाखान्यात गेली की तिला सांगितले जाते, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. कर्करोगाची भीती घातली की काम आणखी सोपे.

हे प्रकरण २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून गाजले तेव्हा राज्य सरकारने विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायांमागे एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्या एकाच पद्धतीच्या नाहीत, तरी एवढे अंतर डोळ्याआड करता येत नाही.

आता या बाईने दाद कुठे मागावी? कामगार खात्यात गेली तर तिचे नाव कामगार म्हणून कुठे लिहिलेले? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, माझा व्यवहार तुझ्या नवऱ्याशी. दवाखाना म्हणतो, सही तुमचीच आहे. गावाकडची आरोग्यसेविका म्हणते, तू सहा महिने इथे नसतेस. ज्या गावात ऊस तोडते तिथे रेशन मिळवण्याची मारामार, आणि पोराचे नाव शाळेच्या पटावर इथे असते तेव्हा पोर तिथे फडात असते. कोणीही तिला उघड नाही म्हणत नाही, जो तो तिला पुढच्या दाराकडे पाठवतो.

संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात भारताबद्दल एक आकडा दिला होता. मृत्यूच्या वेळचे सरासरी वय पाहिले तर दलित स्त्री वरच्या जातीच्या स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते. दोघीही बायाच! तेव्हा 'स्त्रियांचे आयुर्मान वाढले' अशी बातमी वाचताना, कुठल्या स्त्रियांचे, हे विचारायची सवय आपण लावून घेतलेली बरी.

आणि आपली सभा?

इथपर्यंत वाचून आपले बांधव माना डोलावतील. पुढचे कदाचित आवडणार नाही.

जुन्या मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोटा भरताना दोरा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळ इतरांना नको होता. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला, कारण कामगारांच्या ऐक्याच्या घोषणांत तो कोणाला आठवत नव्हता. कामगार पुढाऱ्यांना जात दिसत नाही, हे आपण तेव्हापासून बोलत आलो आहोत आणि ते बरोबर आहे. पण तोच न्याय आपल्यालाही लागतो. जातीविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या व्यासपीठावर बाई किती वेळा दिसते? स्वागतगीत, पुष्पहार आणि खिरीचे पातेले सोडून?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. वीस हजारांच्या वर बाया जमल्या होत्या. समाजाची प्रगती आपण बायांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले आणि ते वाक्य आपल्या प्रत्येक फलकावर आहे. त्या बायांनी कुठले ठराव केले, ते मात्र फलकावर नसते. घटस्फोटाचा हक्क मागितला. एकाहून जास्त बायका करण्यावर कायद्याने बंदी मागितली. गिरण्यांतल्या आणि विडी कारखान्यांतल्या कामगार बायांसाठी रजा, नुकसानभरपाई आणि पेन्शन मागितले. विधिमंडळांत बायांसाठी जागा मागितल्या. म्हणजे नवरा, मालक आणि सरकार, तिघांनाही त्यांनी एकाच मांडवात उभे केले. कुठल्या प्रश्नाला आधी हात घालावा यावर त्यांनी वेळ घालवला नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून अशा बायांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले, नाहीतर यातल्या कितीतरी जणींचे नावही उरले नसते. हे पुस्तक प्रत्येक विहाराच्या कपाटात असले पाहिजे असे आमचे मत आहे.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. महारवाड्याचे दैन्य तर त्यात आहेच, पण सुनेला सासरी काय सोसावे लागे, नवऱ्याच्या हातचा मार काय असे, तेही त्यांनी दडवले नाही. 'घरचे धुणे बाहेर कशाला' असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांचे म्हणणे असे की यामुळे सवर्णांच्या हातात कोलीत मिळते. हे भय आम्ही समजू शकतो. पोलीस आणि वर्तमानपत्रे आपल्या वस्तीकडे कसे बघतात हे आम्हाला माहीत आहे. पण त्या भयाची किंमत दर वेळी बाईनेच का मोजायची? १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी लिहिले की दलित स्त्रिया वेगळे बोलतात, कारण सवर्ण स्त्रियांची चळवळ आणि दलित पुरुषांची चळवळ, दोन्ही त्यांच्या वतीने बोलून टाकतात. त्याच वर्षी दलित स्त्रियांचा राष्ट्रीय पातळीवरचा महासंघ रुथ मनोरमा यांच्या पुढाकाराने उभा राहिला. तेव्हा काही पुरुष कार्यकर्त्यांना ही फूट वाटली.

दोन कप्प्यांच्या मध्ये पडण्याचा अनुभव आपल्या पुरुषांनाही आहे, म्हणून त्यांना हे समजायला कठीण जाऊ नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदूंतल्या, असे होते. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी दीक्षाभूमीवर आपण बौद्ध झालो, आणि केंद्र सरकारच्या सवलतींतून बाहेर फेकले गेलो. गावाच्या लेखी जात तीच, सरकारच्या लेखी धर्म वेगळा. विहिरीवर महार, नोकरीच्या अर्जावर कोणीच नाही! १९९० मध्ये कायदा बदलला तोवर ३४ वर्षे गेली. ज्यांचे तरुणपण त्यात संपले त्यांना विचारा, तुमच्यावर अन्याय धर्मावरून झाला की जातीवरून? दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांना तोच प्रश्न अजून सुटलेला नाही.

कायदा थोडा हलला आहे

६ सप्टेंबर २०१८ च्या समलैंगिकतेसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी १९८१ च्या त्या 'केवळ'वाल्या वाचनावर टीका केली. मग एप्रिल २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्याचा निकाल आला. जन्मापासून अंध असलेल्या, अनुसूचित जातीच्या एका तरुणीवर २०११ मध्ये तिच्या घरात बलात्कार झाला होता. आरोपी भावांच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. तिने त्याला आवाजावरून ओळखले. न्यायालयाने ती ओळख ग्राह्य धरली आणि बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम केली. बाई, दलित आणि अंध, या तिन्ही गोष्टी मिळून तिच्यावरचा अन्याय घडतो, त्यांचे तुकडे पाडून बघता येत नाही, असे त्या निकालात विस्ताराने लिहिले आहे. जातीचे कारण एकमेव असण्याची गरज नाही, हेही स्पष्ट केले.

आणि तरीही ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा रद्द झाली! कारण घटना २०११ ची, तेव्हा जुना कायदा लागू होता, आणि गुन्ह्यामागे जात हे कारण होते याचा पुरावा सरकारी पक्षाने आणलाच नव्हता. विचार जिंकला, कलम हरले. आम्हाला यात न्यायाधीशांपेक्षा तपास करणाऱ्यांचा दोष जास्त दिसतो. बलात्काराचा पुरावा मिळाला की जातीचे कोण विचारतो, हीच ती वृत्ती.

२६ जानेवारी २०१६ पासून मात्र कायद्याचे शब्द बदललेले आहेत. दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गंभीर गुन्हा असेल तर तो 'जातीच्या कारणावरून' केला हे दाखवण्याची अट गेली. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे पुरे. आणि आरोपी ओळखीचा असेल, घरच्यांना जाणत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने धरून चालायचे. नव्हते हे त्याने सिद्ध करावे. बाईला संमतीशिवाय हात लावणे, अश्लील बोलणे-खुणावणे यासाठीही या कायद्यात वेगळे कलम आहे. तिथेही तिची जात माहीत असणे पुरेसे आहे.

म्हणून ठाण्यात जाणाऱ्या आमच्या माय-बहिणींसाठी काही गोष्टी. अंमलदाराने 'जातीचं की बायकांचं' असे विचारले तर 'दोन्ही' म्हणावे आणि दोन्ही लिहायला लावावे. काय शब्द वापरले ते जसेच्या तसे सांगावे, लाजून गाळू नये. आरोपी किती वर्षांपासून ओळखतो, एकाच गावचा, एकाच चाळीचा, एकाच मुकादमाचा आहे का, हे आवर्जून सांगावे, कारण 'माहीत होते' हे त्यातूनच ठरते. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करावी लागेल असे सांगून परत पाठवले तर मानू नये. २०१८ च्या दुरुस्तीने ती अट ठेवलेली नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. बाई अपंग असेल तर अत्याचाराचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी, गरज पडल्यास दुभाष्याच्या मदतीने घेण्याची तरतूद आहे. आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपले म्हणणे ऐकून घेतले जावे, हा पीडितेचा हक्क आहे.

घरकाम करणाऱ्या बायांनी लक्षात ठेवावे की मालकाच्या घरी छळ झाला तर जिल्ह्याची स्थानिक तक्रार समिती त्यांच्यासाठीही आहे, फक्त ऑफिसातल्या बायांसाठी नाही. आणि तिथेही जातीचा उल्लेख झाला असेल तर तो तक्रारीत यायलाच हवा. समिती म्हणेल, ते आमच्याकडे येत नाही. तरी लिहायला लावावे.

जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. लग्न झालेल्या बाईला तो वडिलांच्या कागदपत्रांवर मिळतो, सासरच्या नाही. महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात, आणि तो बहुतेक वेळा माहेरच्या गावी, आजोबांच्या शाळेच्या नोंदीत किंवा गाव-दप्तरात सापडतो. नाव बदललेले असते, आडनाव बदललेले असते, आई-वडील वारलेले असतात. मुलगी लग्नाआधी माहेरी आहे तोवरच हे काम उरकून घ्यावे. दाखला तिच्या ट्रंकेत भांड्यांबरोबर जाऊ द्यावा.

फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगावी. वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्यावे. जे सांगितले ते सगळे त्यात उतरले असेल तरच सही किंवा अंगठा करावा. पहिल्या खबरीची प्रत तक्रार देणाऱ्याला फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.